चढत्या पाण्याची ओळख

पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने मला कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद बोटीत, बसू दिलेच नाही. काठावरच्या वाळूत, पाणी जेथे संपत होते नेमके तेथे, त्याने मला बोटभर जाडीची एक काडी खोचायला लावली आणि सामान तपासून होईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा तास, तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. चाळिशी उलटल्यावर, एवढा लांबचा प्रवास करून, खळाळत्या पाण्यात कयाक चालवायला शिकण्यासाठी मी आले होते आणि माझ्या वाट्याला आले होते ते काडी राखण्याचे काम. अर्ध्या तासाने काडीही होती तेथेच होती आणि पाणीही होते तेथेच होते. "पाणी चढत नाही," एवढेच म्हणून त्याने मान हलवली. पुढच्या सहा आठवड्यांत कोणत्याही काठावर पाय ठेवल्यावर करायचे पहिले काम हेच राहिले: आधी काडी, मग घोटभर पाणी, मग बाकी सगळे.

हे शिक्षण झाले ते इक्वेडोरमध्ये, नापो प्रांताच्या तेना या राजधानीच्या गावाजवळ. विषुववृत्तापासून जेमतेम एक अंश दक्षिणेला आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर असलेले हे गाव अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी आहे. अॅमेझॉनच्या खोऱ्यावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे येथे डोंगराला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि वर्षभर बरसत राहतात. चार-साडेचार हजार मीटर उंचीवर पडलेले पाणी फार थोड्या अंतरात एवढे खाली उतरते, त्यामुळे येथल्या नद्यांना उतार आहे, पाणी आहे आणि दोन्ही बाजूंना अखंड जंगल आहे. हातुनयाकू आणि अन्सू या दोन नद्या एकत्र येऊन नापो नदी होते आणि ती पुढे पेरूमध्ये अॅमेझॉनला मिळते. येथल्या मूळ रहिवाशांच्या किचवा भाषेत हातुनयाकू म्हणजे 'मोठे पाणी'. नाव ठेवणाऱ्याने शब्द उगाच खर्च केलेला नाही.

पण मोठ्या पाण्यावर जाण्याआधी दहा दिवस संथ डोहात गेले. कयाकचे तोंड आणि आपली कंबर यांच्यामध्ये स्प्रे स्कर्ट नावाचा रबरी पडदा ताणून बसवतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा की बोट उलटली तर आपणही तिच्याबरोबर उलटे, कंबरेपासून जखडलेले, पाण्याखाली डोके करून लटकतो. म्हणून पहिला धडा बाहेर पडण्याचा असतो. पडद्याच्या पुढच्या टोकाला एक पट्टा असतो, तो आधी पुढे आणि मग वर ओढायचा, पडदा सुटतो, दोन्ही हात बोटीच्या कडांवर ठेवून स्वतःला ढकलायचे आणि विजार काढावी तशी बोट काढून टाकायची. सांगायला तीन सेकंद लागतात आणि करायलाही तेवढेच लागतात, पण पहिल्या वेळी मी पट्टा सोडून पडद्याची कडच ओढत बसले आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर मला तो पट्टा सापडला. त्या दिवशी मी हे बावीस वेळा केले. प्रशिक्षकाचे म्हणणे असे की बाहेर पडण्याची भीती ज्याला उरते, तो पाण्याखाली थांबून रोल करण्याइतका धीर धरू शकत नाही.

रोल म्हणजे बाहेर न पडता, बसल्या जागी, वल्ह्याच्या आणि कंबरेच्या साहाय्याने बोट पुन्हा सरळ करणे. ही विद्या आर्क्टिकच्या बर्फाळ समुद्रात शिकार करणाऱ्या इनुइट लोकांची. तेथे बोटीबाहेर पडणे म्हणजे गारठून मरणे होते. बाहेरच्या जगातील जो पहिला माणूस ती शिकला म्हणून ओळखला जातो, तो ऑस्ट्रियाचा एदी हान्स पावलाटा, वर्ष 1927. बर्फाच्या समुद्रातून आलेली कला कोमट पाण्याच्या जंगलात आपण घोटत आहोत, ही गंमत मला रोज वाटायची, विशेषतः ती जमत नसताना.

ती जमत नव्हती याचे कारण माझे डोके होते, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. पाण्याखाली उलटे लटकलेल्या माणसाला सर्वांत आधी हवे असते ते तोंड पाण्याबाहेर काढणे, म्हणून वल्हे फिरवता फिरवता तो मान उचलतो. मानेवरचे चार-पाच किलो वजन वर आले की त्याच्या उलट दिशेने कंबर दाबली जाते आणि अर्धी सरळ झालेली बोट पुन्हा आपल्यावर पालथी पडते. करायचे असते ते नेमके उलट: पुढे वाकून कपाळ बोटीजवळ आणायचे, वल्हे बोटीच्या कडेला समांतर धरून पृष्ठभागावर आणायचे, ते बाहेरच्या बाजूला झाडूसारखे फिरवायचे, त्याच वेळी गुडघ्याने आणि कंबरेने बोट झटक्यात पायाखाली ओढायची, आणि डोके सर्वांत शेवटी, जणू ते पाण्यात विसरले होते अशा बेताने, वर आणायचे. सहा दिवस मी मान उचलत राहिले. सातव्या दिवशी प्रशिक्षकाने माझ्या हेल्मेटच्या उजव्या कानावर चिकटपट्टीचा एक लाल तुकडा लावला आणि तो कान खांद्याला टेकलेलाच ठेवून वर यायला सांगितले. मी तुकड्याचाच विचार करत राहिले आणि बोट सरळ झाली. मी सरळ झाले आहे हे मला कळले ते समोर आकाश दिसले तेव्हा.

नदीत उतरल्यावर मात्र डोहात पक्का झालेला रोल निम्मा कच्चा होतो. डोहात वर-खाली ठाऊक असते. वाहत्या पाण्यात, तेही गढूळ, डोळे उघडूनही काही दिसत नाही, वल्हे कोणत्या बाजूला आहे ते हातांना चाचपावे लागते आणि मध्येच पाणी ते हिसकावून घेते. शिवाय घाईत हात डोक्याच्या वर आणि मागे गेले तर खांदा निखळण्याची भीती असते. कोपरे छातीजवळ ठेवणे हा नियम मला दिवसातून इतक्या वेळा ऐकवला गेला की झोपेतही मी कोपरे आवळून पडत असावे.

पाणी वाचायला शिकणे ही याहून वेगळी गोष्ट आहे आणि माझ्या मते खरे शिक्षण तेच. प्रवाहात मोठा खडक असला की त्याच्या मागे पाण्याची पातळी किंचित खाली राहते आणि ती भरून काढायला खालचे पाणी उलटे, उगमाच्या दिशेने वाहू लागते. या उलट्या पाण्याच्या तुकड्याला एडी म्हणतात. वरून वेगाने येणारा कयाकवाला तिच्यात शिरला की जागच्या जागी थांबतो, दम घेतो, पुढचे बघतो. नदी खाली उतरायची ती एका एडीतून दुसऱ्या एडीत, जिना उतरावा तशी. दोन्ही पाण्यांच्या मधली सीमा मात्र चटकन दिसते आणि चटकन फसवते. ती ओलांडताना बोटीचे नाक एका प्रवाहात आणि शेपूट दुसऱ्यात असते. नव्या प्रवाहाकडून येणारे पाणी बोटीच्या कडेवर चढू नये म्हणून ती कड उचलून धरायची आणि शरीर नव्या प्रवाहाच्या वाहण्याच्या दिशेने झुकवायचे. मनाची ओढ नेमकी उलटी असते. येणारे पाणी ढकलू लागले की आपण त्याच्याकडे झुकून रेटा द्यायला बघतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पालथे होतो. खडकावर आडवे जाऊन आदळतानाही तेच: खडकापासून दूर झुकावेसे वाटते, आणि झुकायचे असते ते खडकाकडे, त्याला मिठी मारल्यासारखे.

हातुनयाकूवरचा माझा पहिला दिवस असा पालथे होण्यातच गेला. नऊ वेळा उलटले, पाच वेळा रोल झाला, चार वेळा पोहले. लाटा मोठ्या होत्या, पण खडक कमी, पात्र रुंद आणि प्रत्येक रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या उताराच्या, खाली संथ डोह. शिकाऊ माणसाने चुका कराव्यात अशीच ही नदी आहे. पोहतानाचा नियमही तेथेच अंगवळणी पडला. पाठीवर पडायचे, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवायचे, आणि पाणी गुडघाभर असले तरी वेगात असेल तर उभे राहायचा प्रयत्न करायचा नाही. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकले की मागचे पाणी माणसाला पुढे पाडते आणि दाबून धरते. तेवढ्या पाण्यात माणूस बुडतो यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. वाहत्या पाण्याचा एक घनमीटर म्हणजे एक टन वजन, आणि वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे गणित मी शाळेत शिकले होते. ते पोटऱ्यांना समजले ते येथे.

नद्यांच्या अवघडपणाची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, एकपासून सहापर्यंत. एक म्हणजे नुसते हलते पाणी, सहा म्हणजे जवळपास अशक्य. हातुनयाकूचा आम्ही उतरायचो तो भाग तिसऱ्या श्रेणीचा. जवळच्याच होंदाची नदीचा वरचा टप्पा याहून बराच अवघड, खडकांनी गच्च भरलेला आहे. तेथे मी काठाने चालत जाऊन इतरांना उतरताना पाहिले, स्वतः उतरले नाही आणि अजून काही वर्षे उतरणार नाही. पण या आकड्यांबद्दल एक गोष्ट मला खटकते. आकडा नदीला चिकटवला जातो, जणू तो तिचा कायमचा गुण आहे. प्रत्यक्षात तो एका विशिष्ट पातळीच्या पाण्याचा गुण असतो. वर्षावनात सकाळी तिसऱ्या श्रेणीची असलेली नदी दुपारच्या पावसानंतर चौथीची किंवा पाचवीची होऊ शकते. प्रशिक्षकाकडे पाण्यात न भिजणाऱ्या कागदाची एक छोटी वही होती. तिच्यात प्रत्येक रॅपिडचा नकाशा, जायची वाट आणि शेजारी पाण्याची पातळी लिहिलेली असे, आणि हे सगळे पेन्सिलीने. पेन का वापरत नाही असे मी विचारले, तेव्हा त्याने खोडून खोडून पातळ झालेले एक पान मला दाखवले.

ते पान पातळ झाले होते ते झाडांमुळे. जंगलातील नदीवर लाटांपेक्षा, भोवऱ्यांपेक्षा, धबधब्यांपेक्षा मला आता भीती वाटते ती पडलेल्या झाडाची. येथली मातीची थर पातळ, मुळे उथळ आणि उतार तीव्र. मुसळधार पावसानंतर दरड कोसळते आणि झाडे मुळांसकट पात्रात येतात. फांद्यांमधून पाणी आरपार जाते, माणूस जात नाही. कयाकवाले याला स्ट्रेनर म्हणतात, म्हणजे गाळणी, आणि गाळणीत काय अडकते हे सांगायला नको. खडक आपल्याकडे येणारे पाणी थोडे परतवतो, त्याच्यापुढे पाण्याची एक उशी तयार होते आणि ती बोटीला बाजूला सारते. गाळणीपुढे अशी उशी नसते. पाणी सरळ तिच्यात शिरते आणि सगळ्यांना घेऊन शिरते. वर दिसणारे झाड हाताएवढ्या फांदीचे असते, आणि पाण्याखाली त्याचा अख्खा शेंडा पसरलेला असतो.

तिसऱ्या आठवड्यात मी अशा एका गाळणीच्या फार जवळ गेले. वळणावर बाहेरच्या काठाला, जेथे प्रवाहाचा सगळा जोर जातो, एक झाड आडवे पडलेले होते आणि आम्ही ते आधी पाहिलेले होते. आतल्या काठाने जायचे ठरले होते. मी वळणाच्या अलीकडे एडीच्या सीमेवर उलटले, दोन रोल फसले, पट्टा ओढून बाहेर पडले आणि वर आले तेव्हा झाड वीस-पंचवीस मीटरांवर होते. वल्हे हातात होते, बोट पुढे गेली होती. प्रशिक्षकाची शिट्टी ऐकू आली आणि त्याचा हात दिसला. आमच्यात खूण नेहमी जायच्या दिशेची करतात, धोक्याची कधीच नाही, कारण घाबरलेला माणूस बोट जिकडे दाखवले जाते तिकडेच जातो. त्याचा हात आतल्या काठाकडे होता. मी पाठीवरून पालथी झाले, डोके काठाकडे केले आणि वल्हे न सोडता हात मारू लागले. आपण काठाकडे सरकतो आहोत की नाही हे कळत नव्हते. दिसत होते ते एवढेच की झाडावर बसलेला शेवाळाचा एक हिरवा पट्टा मोठा मोठा होत आहे. मग फेकलेल्या दोरीची पिशवी माझ्या खांद्यापलीकडे पाण्यात पडली, दोरी मानेला घासली आणि मी ती पकडली. दोरी हाताला गुंडाळायची नाही, छातीशी धरायची आणि पाठ फेकणाऱ्याकडे करायची, हे सगळे नियम मी पाळले असे लोक नंतर म्हणाले. मला आठवते ती फक्त दोरीची खरबरीत चव, कारण मी ती दातांतही धरली होती.

माझी कयाक झाडात गेली. नाक वर आणि शेपूट फांद्यांखाली अशी ती तासभर थरथरत राहिली. चौघांनी दोर लावून ओढली तेव्हा सुटली. बसायच्या जागेच्या मागे प्लॅस्टिकला पडलेली घडी अजूनही तिच्यावर असेल. दोरी पोहोचली नसती तर करायचे काय, हे मला त्या संध्याकाळी कोरड्या जमिनीवर एका ओंडक्यावर शिकवले गेले: झाड टळणारच नसेल तर पाय पुढे ठेवायचे नाहीत, पालथे होऊन डोके पुढे करून जिवाच्या आकांताने त्याच्याकडेच पोहायचे आणि आदळण्याच्या क्षणी स्वतःला खोडावर वर फेकायचे. ओंडक्यावर मला ते सहज जमले.

नदीचा प्रवास एकाच दिशेचा असतो हे लिहायला सोपे आहे. 1541 च्या अखेरीस फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार उपाशी पडलेल्या मोहिमेसाठी अन्न शोधायला काही माणसांसह नापोच्या प्रवाहात बोटीने खाली गेला. प्रवाहाविरुद्ध परत येणे जमत नाही असे पाहून तो पुढेच जात राहिला आणि ऑगस्ट 1542 मध्ये अॅमेझॉनच्या मुखातून अटलांटिकला पोहोचला. त्याने सोबत्यांना फसवले की पाण्यापुढे तो खरोखरच हतबल होता, यावर बरेच वाद झाले आहेत. हातुनयाकूच्या लाटांत वीस मीटर मागे जाण्याचा प्रयत्न केल्यापासून माझे मत त्याच्या बाजूने झुकले आहे.

आणि नदी स्वतःही जागेवर राहत नाही. याच भागातल्या कोका नदीवर सान राफाएल नावाचा, इक्वेडोरमधील सर्वांत उंच म्हणून ओळखला जाणारा धबधबा होता. फेब्रुवारी 2020 मध्ये नदीने धबधब्याच्या वरच्या बाजूला पात्राच्या तळाला भगदाड पाडले, पाणी त्यातून खाली जाऊ लागले आणि धबधबा जवळपास कोरडा पडला. त्यानंतर नदीचा तळ उगमाच्या दिशेने खचत गेला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये काठाजवळून जाणाऱ्या तेलवाहिन्या फुटल्या. हे समजल्यापासून प्रशिक्षकाच्या पेन्सिलीबद्दल मी पुन्हा विचारले नाही.

काडीचे महत्त्व मला पाचव्या आठवड्यात कळले. आम्ही चौघे होतो, प्रशिक्षक, त्याचा सहायक, आणखी एक शिकाऊ आणि मी. नदी हातुनयाकूला मिळणारी एक लहानशी उपनदी होती, काही ठिकाणी पंधरा पावलांएवढी रुंद, आणि शेवटचे दोन किलोमीटर दोन्ही बाजूंना उभ्या कातळांच्या घळीतून जाणारी. आमच्या डोक्यावर ऊन होते. डोंगरांच्या बाजूला सकाळपासून ढग दाटले होते आणि दुपारी एकदा दूरवर गडगडले, पण येथे गडगडणे रोजचेच, त्यामुळे मी लक्ष दिले नाही. वर्षावनात नदीला पूर आणणारा पाऊस आपल्या अंगावर पडतोच असे नाही. तो वरच्या पाणलोटात, आपल्याला न दिसणाऱ्या उतारावर पडतो आणि जमीन आधीच भिजून गच्च असल्यामुळे जवळपास सगळाच्या सगळा नदीत येतो.

घळीच्या तोंडाच्या अलीकडे गोट्यांच्या काठावर थांबलो. मी काडी खोचली. प्रशिक्षक आणि सहायक पुढचा टप्पा पाहायला खडकांवरून चालत गेले आणि मी बसून हातावरचे फोड मोजू लागले. पहिल्यांदा जाणवला तो पाण्याचा रंग. तो बदलला होता असेही म्हणता येणार नाही. सकाळी तळाचे गोटे दिसत होते, आता फक्त वरचे दिसत होते. मग पाने आली. पिवळी पाने येथे नेहमीच वाहतात, पण ही पाने एकमेकांत अडकलेली, काड्या आणि मातीसकट आलेली होती. असा पाचोळा नदीचा नसतो, जंगलाच्या जमिनीचा असतो, आणि तो पाण्यावर आला याचा अर्थ वर कोठे तरी पाणी काठ सोडून जंगलात शिरले आहे, हे मला शिकवलेले होते आणि तरीही ते आठवायला मला एक मिनिट लागले. काडीकडे पाहिले तर ती पाण्यात उभी होती, काठापासून वीतभर आत.

मी शिट्टी वाजवली. दोघे परत आले तेव्हा काडीचा वरचा दोन बोटांचा भाग तेवढा दिसत होता आणि फेसाचे मळकट पुंजके वळणावरून येऊ लागले होते. प्रशिक्षक म्हणाला की आपण येथेच बाहेर पडतो आहोत. आणि मी, जिने नुकतीच शिट्टी वाजवली होती, त्याला म्हणाले, "पण घळ तर दहा-पंधरा मिनिटांचीच आहे ना? आत्ता निघालो तर पाणी वाढायच्या आत पार होऊ." मला हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण ते मी उच्चारले. चार तास मेहनत केलेली असते, पलीकडे गाडी उभी असते, आणि चढत्या पाण्यासमोर उभे असतानाही मन वेळापत्रक मांडत असते. तो चिडला नाही. "घळीत थांबायला एकच एडी आहे," तो म्हणाला, "आणि या पाण्यात ती राहणार नाही. तुम्ही उलटलात तर मी तुम्हाला कोठे थांबवू?"

बोटी वर चढवायला सुरुवात केली. रिकामी कयाक साधारण वीस किलोची असते, पण चिखलाच्या, सत्तर अंशांच्या उतारावर तिला वजन नसते, स्वभाव असतो. सहायक दोर घेऊन वर गेला, आम्ही खालून ढकलत राहिलो. गोट्यांचा काठ नाहीसा झाला तेव्हा आम्ही त्याच्या तीन-चार मीटर वर होतो. नदीचा आवाज बदलला होता. खळखळ थांबून एकसारखा घोगरा नाद येत होता आणि त्याच्या खालून अधूनमधून दबके ठोके. ते तळाशी गडगडत जाणारे दगड होते. ते कानांना ऐकू येण्याआधी तळपायांना जाणवत होते. एक आख्खे झाड, मुळे वर करून, सकाळी आम्ही दम घ्यायला थांबलो होतो त्या खडकावरून न अडखळता गेले. खडक दिसत नव्हता.

बोटी जाड बुंध्यांना दोन-दोन दोरांनी बांधल्या आणि चालत निघालो. विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही. सहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि थोड्याच वेळात मिट्ट काळोख होतो. आम्ही निघालो तेव्हा साडेचार झाले होते. हातोडीने ठोकावेत तसे काळे काटे खोडभर असलेली ताडाची जात येथे सर्वत्र आहे, आणि घसरणाऱ्या माणसाचा हात नेमका तिच्याकडे जातो, म्हणून आधी बघायचे, मग धरायचे, हा पाण्यातल्या सगळ्या नियमांच्या उलट असलेला नियम पहिल्या शंभर पावलांतच शिकावा लागला. खोडांवर कोंगा नावाची मोठी काळी मुंगीही असते. तिच्या दंशाची वेदना दिवसभर टिकते असे सांगतात आणि मी ते पडताळून पाहिलेले नाही. पावणेनऊला रस्त्याला लागलो. अंगावर कोरडे काही नव्हते, पण ते त्या सहा आठवड्यांत कधीच नसायचे. कान दुखत होते, बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलली होती, आणि गुडघ्यावर खरचटलेले मी निघताना पुन्हा पुन्हा स्वच्छ धुतले, कारण पुराच्या पाण्यातून जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात.

दुसऱ्या दिवशी नदी अजून उंच होती. तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. बोटी होत्या तेथे होत्या; पुराने सोडलेली पाचोळ्याची रेघ त्यांच्या तीन हात खाली झुडपांवर लटकत होती. उतरून गोट्यांच्या काठावर आलो तर काठच नवा होता, गोटे निराळे, वाळूचा उंचवटा पलीकडे सरकलेला. पाणी पुन्हा हिरवट आणि पारदर्शक झाले होते. मी काडी खोचली, पाऊण तास बसलो, काडी हलली नाही, तेव्हा खडकांवरून चालत घळीचे तोंड पाहायला गेलो.

तेथे प्रवाहाच्या दोन वाटा होत्या. उजवी खडकांखालून जाणारी, म्हणून नेहमी डावीने जायचे. डाव्या वाटेत, पहिल्या वळणाच्या लगेच पलीकडे, वरून येणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, एक झाड काठापासून काठापर्यंत बसलेले होते. साल गेलेली, खोड उघडे, फांद्यांत पाचोळा गच्च भरलेला, आणि त्यातून पाणी आवाज न करता जात होते. ते त्या दिवशी आम्ही निघण्याआधी आले, की नंतर, की रात्री, हे सांगायला तेथे काहीच नव्हते. प्रशिक्षक बराच वेळ ते पाहत उभा राहिला. मग त्याने वही काढली, ते पान उघडले, डाव्या वाटेची रेघ खोडली, तेथे झाडाची एक आडवी रेघ ओढली आणि खाली तारीख आणि पाण्याची पातळी लिहिली. खोडताना पडलेला रबराचा चुरा फुंकून टाकून त्याने वही पिशवीत घातली आणि आम्ही बोटी खांद्यावर घ्यायला मागे वळलो.